आई, हात धू

भूतानला जायचं खूळ माझं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या प्रवासाबद्दल जे वाईट सांगायचं आहे तेही माझंच आहे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी नगरला एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी बायकांची वंदना घेत होते. वंदना झाली की आम्ही सतरंजीवरच बसून राहायचो. घरी गेलं की चूल आहेच, मग जरा उशिरा गेलं तर काय बिघडलं. बुद्धगया, सारनाथ काहीजणींचं झालं होतं, पण ते नवऱ्यांबरोबर, स्टोव्ह आणि पिठाचे डबे सांभाळत. पाहिलं काय असं विचारलं तर त्यांना धर्मशाळेतला नळ तेवढा आठवायचा. एका रविवारी मी म्हटलं, आख्खाच्या आख्खा बुद्धाचा असा एक डोंगरी देश आहे, तिथं जायला आपल्याला पासपोर्टसुद्धा लागत नाही. आपण जाऊ. फक्त बायका. तिथले विहार बघू, तिथल्या बायका कशा जगतात ते बघू, आणि आठ-दहा दिवस कुणालाही चहा करून द्यायचा नाही.

या शेवटच्या वाक्यावर बेत पक्का झाला.

सहाजणींची नावं ठरली. मी, सरकारी दवाखान्यात नर्स असलेली माझी मैत्रीण, जिला आम्ही सगळ्या सिस्टर म्हणायचो, बँकेत नोकरी करणाऱ्या ताई, भंडारदऱ्याकडच्या आश्रमशाळेतल्या दोन शिक्षिका, आणि एक वकीलबाई. वकीलबाईंची सासू ऐन वेळी आजारी पडली. ही बातमी मी तिसगावला आईला सहज सांगितली, तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मंग मी येते की."

"तू? आणि तुझे गुडघे?"

"गुडघं हितं तुज्या भावाकडं ठिवून येते. सांबाळंल त्यो."

आई तेव्हा पंचावन्न-छप्पनची असेल. तिला कुठं नेलं नव्हतं मी कधी. मला वाटलं, चला, बरंच झालं. पुण्य लागेल, असंही मनात आलं. आमच्यात पुण्य-बिण्य मानत नाहीत, पण मनाला कोण शिकवणार.

परवान्यासाठी त्या वर्षी नव्यानंच हाती आलेलं मतदार ओळखपत्र लागत होतं. त्यावरचा आईचा फोटो असा आला होता की सिस्टर म्हणाली, सीमेवर अडवलं तर आम्ही म्हणू ही आमच्याबरोबर नाही. सहाजणींनी सहा माकडटोप्या घेतल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. मनमाडहून गाडी, कलकत्त्याला उतरून दुसरी गाडी, मग बस. सीमेवरच्या गावातून परवाना काढून पलीकडे गेलो तेव्हा अंगातला एकही सांधा जागेवर नव्हता. आई मात्र खिडकीला नाक लावून बसली होती.

पहिले तीन-चार दिवस मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यांत चांगले दिवस होते. ऑक्टोबर होता. घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. जेवायला बसलो तर मिरचीचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. भंडारदऱ्याच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आईनं दुसऱ्यांदा मागून घेतली. "ही तर आपलीच मान्सं हायेत," ती म्हणाली. "मिरची तोंडी लावत न्हाईत, खात्यात." काही घरांच्या भिंतींवर जी चित्रं रंगवलेली होती, ती पाहून त्या दोघींनी पदर तोंडाला लावला. पुरुषाचं जे झाकायचं तेच तिथं भिंतभर उघडं, वर रिबीन बांधलेली. आम्हाला वाट दाखवायला दिलेली मुलगी हिंदीत सांगत होती, यामुळे घराला दृष्ट लागत नाही. सिस्टर म्हणाली, "मी तर रोज ड्यूटीवर हेच बघते, मला अजून कशी लागते मग?" आम्ही रस्त्यात उभ्या राहून हसलो. सहा बायका, कुणी गप्प करायला नाही. ते हसू अजून कानात आहे माझ्या.

पण विहारात गेलो की आमची तोंडं उतरायची. आम्हाला वाटलं होतं, आपल्यासारखाच एक स्वच्छ, पांढरा हॉल असेल, समोर मूर्ती, बास. तिथं अंधार, तुपाच्या दिव्यांचा वास, भिंतींवर राक्षसासारखे दात काढलेले देव, गळ्यात कवट्यांच्या माळा. मूर्तीपुढे बिस्किटांचे पुडे. लोक साष्टांग पडत होते. ताईंना ते सहन होईना. ताई आमच्यातल्या सगळ्यांत कडक. त्यांच्या घरात हळद-कुंकवाचा डबाही नव्हता, स्वयंपाकाची हळदसुद्धा त्या 'पिवळी पूड' म्हणायच्या अशी आम्ही चेष्टा करायचो. त्या मला म्हणाल्या, "बाई, हे काय दाखवायला आणलंत आम्हाला? यातूनच बाहेर पडलो ना आपण?"

मी वंदना घेणारी, प्रवास काढणारी. मला तो प्रश्न लागला. मी म्हटलं, आपण बघायला आलोय, करायला नाही. आणि तिथून पुढे मी स्वतःला सगळ्यांची मॉनिटर करून घेतलं. कुणी दिव्याला वात लावायला गेलं की मी बघायचे. भंडारदऱ्याच्या एकीनं ते मोठं प्रार्थनेचं चाक फिरवलं, तर मी इतकं रोखून पाहिलं की तिनं ते पाठीमागे फिरवून परत आणलं. शाळेत वर्गावर नजर ठेवायची सवय, दुसरं काय.

आई यातल्या कशातच नव्हती. तिला पानाची तल्लफ होती आणि त्या देशात सगळ्या म्हाताऱ्या पान खातात, ओली सुपारी आणि चुना घालून. जिथं जाऊ तिथं आई एखादी म्हातारी शोधून तिच्या शेजारी बसायची. ही तिला आपली कातरलेली सुपारी द्यायची, ती हिला तिच्याकडचं पान. भाषेची अडचण आली नाही. दोघी बोलायच्या, दोघींना एकमेकींचं काही कळायचं नाही, आणि दोघी मान डोलवायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही एका डोंगरावरच्या छोट्या विहारात गेलो. आम्ही आत गेलो, आई नेहमीसारखी बाहेर राहिली. बाहेर आलो तेव्हा ती विहाराच्या मागच्या कपारीजवळ एका म्हातारीसमोर उकिडवी बसलेली दिसली. मध्ये लाकडी पाटावर ओल्या मातीचा गोळा. म्हातारीच्या हातात पितळी साचा होता. ती त्यात माती दाबायची, उलटा करून टिचकी मारायची आणि मुठीत मावेल एवढा मातीचा स्तूप बाहेर यायचा. कपारीत असे शेकडो ठेवलेले होते, जुने, पावसानं झिजून पुन्हा माती होत चाललेले.

वाट दाखवणारी मुलगी आईला हिंदीत समजावत होती. माणूस गेलं की त्याच्यासाठी करतात हे. राख असेल तर मातीत मिसळतात, नसेल तर नुसत्या मातीचा. या आजीची सून गेली म्हणून ती करते आहे. मग कपारीत ठेवायचे आणि निघून जायचं. परत बघायला यायचं नाही.

आईनं विचारलं, "बच्चा गया तो बी करते क्या?"

मुलगी म्हणाली, हो. बच्च्यासाठीही करतात.

आईनं बाह्या वर केल्या. म्हातारीनं साचा तिच्यापुढे धरला आणि आईनं दोन्ही हात मातीत घातले. मग तिनं मागे वळून पाहिलं आणि मला म्हणाली, "ये इकडं. बस माज्याजवळ."

कुठल्या बच्च्याबद्दल ती बोलत होती ते मला लगेच कळलं. इथं बहात्तर सालाबद्दल सांगावं लागेल.

त्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई-वडील तिसगावच्या पुढे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. मला एक बहीण होती, सात-आठ महिन्यांची. बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, त्यात ती, आणि झोळीची दोरी माझ्या हातात. दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावरचं सरकारी कोरडं खाणं, वाटायचे, रांग लागायची. त्या दिवशी तिला सकाळपासून जुलाब होते. रांग लागलेली दिसली आणि मी दोरी सोडून रांगेत जाऊन उभी राहिले. परत आले तर ती गप्प होती. मला बरं वाटलं. झोपली, आता रडणार नाही, म्हणून मी सुकडी खात बसले. आई सुट्टीत पाजायला आली तेव्हा तिला कळलं.

माणसांनी रस्त्याच्या कडेलाच खड्डा खणला, आईनं माती दिली आणि वर दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी आई परत खडी फोडत होती. आठवड्याभरात काम पुढे सरकलं, मग रस्ता रुंद झाला, आणि ती जागा नेमकी कुठं होती हे कुणालाच सांगता येईना. मला कुणी रागावलं नाही. कुणी विचारलंही नाही की तू होतीस कुठं. चोवीस वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून धडपडतही होते. घरात दुष्काळाचा विषय निघाला की मी उठून जायचे.

आणि आता ती मला हाक मारत होती, परक्या देशात, चारचौघींसमोर. माझ्या मागे ताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. भंडारदऱ्याच्या दोघी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, या आता काय करतात म्हणून.

मी म्हटलं, "आई, हात धू."

ती तशीच बसून राहिली. तिला वाटलं असावं, मी काही वेगळं म्हणाले.

मग मी बोलत सुटले. आपण काय सोडलं आणि कशासाठी सोडलं, विसरलीस? मेलेल्याच्या नावानं काही करायचं नाही ही प्रतिज्ञा आहे आपली. उद्या पिंड पाडशील. इतक्या लांब येऊन हेच शिकलीस? मी असाच आवाज वर्गात लावायचे, पाढे न येणाऱ्यांना. आणि बोलत होते कुणापुढे, तर जिनं सतरा वर्षांची असताना, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सासूच्या देव्हाऱ्यातले सगळे देव पाटीत भरून स्वतःच्या डोक्यावरून विहिरीवर नेऊन बुडवले होते. सासू आठ दिवस जेवली नव्हती आणि हिनं माघार घेतली नव्हती. तिला मी धम्म समजावून सांगत होते.

खरं तर मी धम्मासाठी बोलतच नव्हते. मला तो विषय बंद करायचा होता. हाताशी प्रतिज्ञा होती, ती मी आईच्या तोंडावर बोळ्यासारखी दाबली.

आई उठली. शेजारीच डोंगरातून येणारं पाणी पन्हळीतून पडत होतं. तिथं तिनं हात धुतले, नखांतली मातीसुद्धा काढली, आणि पदराला पुसले. म्हातारी साचा हातात धरून बघत राहिली. वाट दाखवणाऱ्या मुलीनं विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं. हमारे में नहीं होता."

उतरताना ताई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बरं केलंत, बाई." सिस्टरनं आईचा हात धरला होता, गुडघ्यांमुळे.

पुढच्या चार दिवसांत आईनं पान खाल्लं नाही. मी विचारलं तर म्हणाली, चुन्यानं तोंड आलंय.

नगरला आल्यावर विहारात कार्यक्रम झाला. सहाजणींनी प्रवासाबद्दल बोलायचं. सगळ्या बोलल्या. आई कधी चारचौघांत उभी राहिलेली नाही, पण त्या दिवशी ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मला काय बोलता येत न्हाई. पर एक सांगते. मी तितं चुकत हुते. जुन्या वाटंला लागत हुते. माज्या लेकीनं मला आडवलं. असी लेक असावी." टाळ्या पडल्या. मी मान ताठ करून बसले होते. त्या टाळ्या मी घेतल्या, सगळ्याच्या सगळ्या. परत येऊन बसताना आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिनं ते मला टोचायला म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिला टोचता यायचं नाही. तिनं मनापासून म्हटलं होतं, आणि मला ते त्याच वेळी कळलं होतं.

दोनेक वर्षांनी तिला पोटाचा आजार झाला. निदान झालं तेव्हाच उशीर झालेला होता. मी तिला तिसगावहून नगरला माझ्याकडे आणलं. सिस्टर ड्यूटी संपली की यायची, सलाईन लावायची, तिचे केस विंचरून द्यायची. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले होते. आई जागी होती, जरा हुशारीत होती. मी तिचे पाय चेपत होते. किती दिवस मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं.

"आई, तू बरी झालीस ना, की आपण परत भूतानला जाऊ. तू आणि मीच. तुला तो मातीचा करायचा होता ना, तिच्यासाठी. कर. मी काही म्हणणार नाही."

आई म्हणाली, "तिच्यासाटी न्हवता करायचा."

"मग?"

"तिला मी माज्या हातानं माती दिली, बाई. वर दगूड ठिवलं. दुसऱ्या दिशी कामावर गेले. माजं रडून झालं हुतं." ती थांबली, तिला दम लागत होता. "तुजं ऱ्हायलं हुतं. तू त्या दिसापास्नं झोळीला हात लावला न्हाईस. तुजं लेकरू झालं तवा मी झोळी बांदाय घेतली, तर तू पाळना आनलास इकत. मला काय कळत न्हवतं व्हय?"

माझे हात तिच्या पायांवर तसेच राहिले.

"म्हनलं, हितं आपल्याला कोन वळखतंय. एक करू मातीचा, तुज्या हातात देऊ. म्हनू, ठिव त्या कपारीत आन चल. परत बगाय यायचं न्हाई म्हनत हुती ती पोरगी. म्हनलं, लई झ्याक हाय हे. तू रडली असतीस. आन मंग मी तुला सांगनार हुते."

"काय सांगणार होतीस?"

"रांगंत मीच धाडलं हुतं तुला. सुकडी संपंल म्हनून मीच हाक मारली, जा म्हनलं. तू न्हाई गेलीस आपल्या मनानं. तुला आटवत न्हाई. ल्हान हुतीस."

मला खरंच आठवत नव्हतं. मला रांग आठवते, हातातून दोरी सोडलेली आठवते. हाक आठवत नाही.

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तिथंच?"

"सांगनार हुते की," आई म्हणाली. "तू हात धू म्हनलीस."

ती त्यानंतर अकरा दिवस होती. मी रोज तिला भरवत होते, अंग पुसत होते, औषधांच्या वेळा पाळत होते. बहिणीचा विषय मी परत काढला नाही, आणि तिनंही नाही. आता तिला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट मला सुटत नाही. तिनं मला खरोखरच हाक मारली होती, की मरायला टेकलेल्या बाईनं लेकीच्या अंगावरचं काढून स्वतःच्या अंगावर घेतलं? आई तेही करू शकली असती. विहारात उठून उभं राहू शकणारी बाई काहीही करू शकली असती. डोंगरावर तिनं सांगितलं असतं तर मी तिच्या डोळ्यांत बघून ओळखलं असतं. तेव्हा ती धडधाकट होती, तिच्या मनात निरोप घेणं नव्हतं, आणि खोटं बोलताना तिला नेहमी हसू यायचं.